भारत काही परदेश नाही, मग मलाच का जमत नाही?

शेजारी देशांतून पुण्यात शिकायला आलेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एकाबद्दल, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, सांगते.

मुलगा नेपाळमधल्या पोखराकडचा, शिष्यवृत्तीवर बीएस्सीला आलेला. सोनौलीची सीमा ओलांडून गोरखपूरहून पुण्याची गाडी धरली, झालं. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला इथे यायला व्हिसा लागत नाही. अफगाणी वर्गमित्रासारखं परदेशी नागरिक म्हणून नोंदणीसाठी खेटेही घालावे लागले नाहीत. लिपी देवनागरी, सिनेमे बघून हिंदी पक्की, मेसला डाळभात. त्यामुळे कॉलेजने त्याला परदेशी धरलंच नाही, आणि त्यानेही स्वतःला. दसरा उलटून आठवडा झाला तेव्हा माझ्याकडे आला. वर्गात जाणं बंद होतं.

"मॅम, बाबा म्हणतील, एवढ्या जवळ असून रडतोस? आणि शिष्यवृत्ती गेली तर?"

इथलं बोलणं शिष्यवृत्ती देणाऱ्यांपर्यंत जात नाही, हे आधी सांगितलं. मग नेमकं कुठे अडतंय ते विचारत गेले. प्रॅक्टिकलच्या निम्म्या सूचना मराठीत. होस्टेलवर एकजण 'बहादूर' अशी हाक मारायचा, म्हणे गमतीत. आणि दशैं! घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत चालणारा त्यांचा सर्वांत मोठा सण. दसऱ्याला वडीलधाऱ्यांच्या हातून टीका म्हणजे टिळा लावून घ्यायचा, कानावर जमरा म्हणजे जवाचे कोंब खोवायचे. आपल्याकडे घटातले तुरे टोपीत खोवतात तसेच. इथे सुट्टी एक दिवसाची, आणि त्याच आठवड्यात अंतर्गत परीक्षा. तो खोलीत पडून राहिला.

लांबून आलेल्या मुलाला आपण "नवीन आहेस, वेळ लागेल" एवढं तरी म्हणतो. याला कुणी म्हटलंच नव्हतं. माझ्या मते नेपाळहून आलेल्या मुलांचं खरं दुखणं हेच असतं, कारण त्यांचं परकेपण व्हिसा-नोंदणीच्या कागदांवरही दिसत नाही.

परत जायचा निर्णय सत्र संपेपर्यंत घेऊ नकोस, असं सुचवलं. हुकलेल्या परीक्षेबद्दल विभागप्रमुखांना कारणासकट लेखी कळव, आणि प्रॅक्टिकलच्या जोडीदाराला सरळ सांग की मराठी कळत नाही. 'बहादूर'बद्दल रेक्टरांशी बोलू का, असं विचारलं तर नको म्हणाला. स्वतःच बोलला. हाक थांबली, त्या मुलाचं याच्याशी बोलणंही थांबलं.

परीक्षा पुन्हा मिळाली. गणितात मात्र बॅकलॉग राहिला, तो पुढच्या सत्रात सुटला. दुसऱ्या वर्षी दशैंच्या तारखा त्याने सत्र सुरू होतानाच विभागात लिहून दिल्या आणि सुट्टी काढून घरी गेला.