नातीच्या आईकडचे कागद तयार. आमच्याकडचे कुठे शोधू?

प्रश्न : ताई, माझा मुलगा अमेरिकेत असतो, सून तिथलीच. विहीणबाई 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या संस्थेच्या सभासद आहेत. नात यंदा १८ वर्षांची झाली, तीही अर्ज भरते आहे. परवा फोनवर म्हणाली, "आजी, तुझ्याकडचं कोण लढलं होतं?" माझं माहेर उरण तालुक्यातलं. आजोबा १९३० च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात होते आणि गोळीबारानंतर आजीने दोघांना माळ्यावर लपवलं, असं घरात सांगायचे. कागद एकही नाही. आपल्याकडे अशी संस्था आहे का? नातीला काय सांगू?
— एक आजी, नेरुळ

उत्तर : नातीला आधी तुमच्या आजीचं सांगा, मग आजोबांचं.

विहीणबाईंची संस्था १८९० साली वॉशिंग्टनमध्ये स्थापन झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्या पूर्वजापासून आपण थेट रक्ताच्या नात्याने आलो, हे तिथे पिढी दर पिढी जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदींनी दाखवावं लागतं. मात्र तो पूर्वज बंदूक घेऊन लढलेलाच हवा असं नाही. फौजेला धान्य पुरवणारा शेतकरी चालतो, मदत करणारी बाईही चालते. मला या संस्थेतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. (याच संस्थेने १९३९ साली मेरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला आपलं सभागृह नाकारलं होतं आणि त्यावरून तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी सभासदत्व सोडलं. नातीला हेही ठाऊक असू द्या.)

आपल्याकडे वारसांच्या संघटना आहेत, पण त्यांचा बराचसा वेळ निवृत्तिवेतन आणि सवलतींच्या पाठपुराव्यात जातो. केंद्राची योजना १९७२ ची. तिच्यासाठी सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा तुरुंगवास, स्त्रियांना तीन महिन्यांचा, नाहीतर भूमिगत असल्याचा पुरावा लागे. आता सांगा, माळ्यावर माणसं लपवून त्यांना पेज देणारीला दाखला कोण देणार? अशा बायका यादीबाहेर राहिल्या, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून तुमच्या घरची हकिगत तुम्हीच लिहायला हवी.

नातं जुळवायला माहेरच्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात गाव नमुना १४ ची जुनी जन्म-मृत्यू नोंद मागा. जमीन असेल तर जुने फेरफार काढा. वारस नोंदीत कोण कुणाचा मुलगा, कोण विधवा, हे सगळं सापडतं. घरातलं कुणी क्रियाकर्मासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरी गेलं असेल तर तिथल्या उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावं मिळू शकतात. जुना मजकूर मोडीत असेल, तेव्हा वाचणारं माणूस सोबत न्या.

सत्याग्रहाचे कागद शोधायला मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जावं लागेल. तिथे 'रायगड' म्हणून विचारलंत तर हात हलवत परत याल. १९३० साली हा कुलाबा जिल्हा होता, नाव बदललं १९८१ मध्ये. तारीखही नेमकी सांगा : २५ सप्टेंबर १९३०, अक्कादेवीचं जंगल. आजोबांवर खटला झाला असेल तर नाव निघण्याची आशा आहे. नुसते जमावात असतील तर नाव मिळणार नाही, म्हणून त्यांचं जाणं खोटं ठरत नाही.

चिरनेरला हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी २५ सप्टेंबरला तिथे मानवंदना असते. त्या दिवशी जा. पंचक्रोशीतली जुनी घरं तिथे भेटतात. माळ्यावर लपलेले दोघे कोण, कुठल्या गावचे, हे विचारा आणि जे कळेल ते फोनवर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. वहीत कागदावर मिळालेलं वेगळं आणि ऐकलेलं वेगळं लिहा. ऐकलेल्यापुढे कुणी, केव्हा सांगितलं ते नोंदवा. आणि आजीचं माहेरचं नाव, गाव आधी शोधा. फेरफारात ती फक्त कुणाची तरी बायको म्हणून असेल. माहेरचं नाव सांगू शकणारं कुणी आज हयात असेल, तर २५ सप्टेंबरची वाट न बघता याच आठवड्यात गाठा.