घडीचा चाकू घेण्याआधी: एका तरुण मित्राला पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

स्वसंरक्षणासाठी घडीचा चाकू घ्यायचाय, कुठला घेऊ, असं तू विचारलंस. चाकूबद्दल सविस्तर लिहितोच, पण आधी वेळेचा हिशेब मांडू दे. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली एक मोजणी प्रसिद्ध केली. धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे सुमारे साडेसहा मीटर अंतर, साधारण दीड सेकंदात धावत येतो. ही मोजणी कमरेला पिस्तूल असलेल्या पोलिसांसाठी होती. तुझा चाकू तर खिशात, घडी घातलेला. हात खिशाकडे न्यायचा, वरचा कपडा बाजूला करायचा, चाकू ओढायचा, पकड बसवायची, पातं उघडायचं आणि ते लॉक झाल्याची खात्री करायची. घाबरलेल्या माणसाची बोटं थरथरतात, बारीक हालचाली आधी बिघडतात. शिवाय हल्ला साडेसहा मीटरवरून सुरू होतच नाही. तो हातभर अंतरावर, बोलता बोलता सुरू होतो. त्या क्षणी तुझे दोन्ही हात त्याचा हात थोपवायला लागतात, खिशात घालायला एकही मोकळा नसतो. म्हणून रिकाम्या हातांचं शिक्षण आधी आणि चाकू नंतर, हा क्रम मी तुझ्यासाठी बदलणार नाही.

आणखी एक. चाकूचा वार माणसाला जागच्या जागी थांबवत नाही. अंगात भीती आणि राग भिनलेला असताना वेदना उशिरा कळते, रक्तस्रावाचा परिणाम व्हायलाही वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात समोरचा वार करतच असतो. दोघंही जखमी होतात. कायद्याच्या नजरेत चाकू म्हणजे जीवघेणं शस्त्र. धमकीपुरता थोडासा वापर असा काही प्रकार त्यात नसतो. नुसता उघडून दाखवणं हासुद्धा बऱ्याच ठिकाणी गुन्हा ठरतो, आणि शाब्दिक भांडण एका क्षणात दुसऱ्याच पातळीवर जातं.

कायदा तुझ्या खरेदीआधी येतो. ब्रिटनमध्ये सार्वजनिक जागी लॉक न होणारा, ३ इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो. लॉक होणारा असेल तर योग्य कारण लागतं, आणि ‘स्वसंरक्षण’ हे कारण तिथे चालत नाही. जर्मनीत एका हाताने उघडणारा आणि उघडल्यावर लॉक होणारा चाकू जवळ बाळगण्यावर बंधन आहे. म्हणजे खाली मी ज्या दोन गुणांची बाजू घेणार आहे, तेच दुसरीकडे अडचणीचे ठरतात. तू राहतोस आणि जातोस तिथला नियम स्वतः वाच: पात्याची लांबी, लॉक, एका हाताने उघडणं, स्प्रिंगने उघडणं, मनाई असलेल्या जागा आणि बाळगण्याचं कारण, या सहा गोष्टी बघ. विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही, हे गृहीत धर. नियम नाही म्हणत असेल, तर चाकूचा विषय तिथेच संपला. मग या पत्रातला प्रशिक्षणाचा भाग तेवढा वाच.

कायद्याची अडचण नसेल तर पहिली गोष्ट बघायची ती लॉक. घडीच्या चाकूने होणाऱ्या सगळ्यात वाईट जखमांपैकी एक म्हणजे जोर लावताना पातं मिटून स्वतःच्याच बोटांवर येणं. नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडा राहणारा, लॉक नसलेला चाकू फळं कापायला छान आहे. या कामाला अजिबात नको.

सगळ्यात जास्त दिसतो तो लायनर लॉक. मुठीच्या आत धातूची पातळ पट्टी असते. पातं उघडलं की ती आडवी सरकते आणि पात्याच्या बुडाला मागून टेकू देते. सोपी रचना आहे, पण तिचे तीन दोष लक्षात ठेव. मूठ आवळून मनगट पिळलं की बोटाचं मांस पट्टीला ढकलू शकतं आणि टेकू सुटतो. खिशातला धागा-कचरा पट्टीच्या वाटेत साठला तर ती पूर्ण सरकत नाही. आणि टेकण्याच्या जागी तेल साचलं तर पकड निसटते. नव्या चाकूत पट्टी पात्याच्या बुडावर स्पष्ट बसलेली दिसावी, पण पार पलीकडच्या बाजूपर्यंत गेलेली नसावी, कारण झिजेबरोबर ती आणखी पुढे सरकत जाते. नुसती कडेला टेकली असेल तर तो चाकू परत ठेव.

फ्रेम लॉकमध्ये मुठीची एक बाजूच टेकूचं काम करते. त्यामुळे मूठ घट्ट धरली की लॉकही घट्ट होतो. लायनरपेक्षा मला तो जास्त विश्वासाचा वाटतो. बॅक लॉकचा खटका मुठीच्या पाठीवर असतो. १९६०च्या दशकात आलेल्या बक ११० या चाकूने तो घराघरात पोहोचवला. मजबूत आहे, पण खटका तळहाताखाली येत असेल तर जोरात आवळताना दाबला जाऊ शकतो. म्हणून काही कारखाने खटक्यावर उथळ खळगा ठेवतात. विकत घेताना पूर्ण ताकदीने मूठ आवळून हे तपास. आडव्या दांडीचा लॉक, जो बेंचमेड या चाकू कंपनीने ‘अ‍ॅक्सिस’ नावाने १९९८ मध्ये आणला, दोन्ही हातांनी सारखाच चालतो आणि मिटताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही. त्याच्या बारीक स्प्रिंगा मात्र कधीतरी तुटतात. त्या दोन असतात, त्यामुळे एक गेली तरी लॉक बहुधा चालतो, पण लगेच बदलून घ्यायला हवी.

तपासणी अशी कर. पातं उघड, बोटं पात्याच्या मिटण्याच्या वाटेतून पूर्ण बाहेर ठेव. पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवून हळूहळू जोर वाढव. मग मूठ दोन्ही दिशांना पीळ. शेवटी पाठीने लाकडावर दोन-तीन हलक्या टिचक्या मार. लॉक जरासाही सरकला तर चाकू नापास. काही लोक पाठ धाडधाड आपटून ताकद दाखवतात. त्याने चांगला लॉकही खराब होतो, म्हणून ते करू नकोस. पातं डावी-उजवीकडे डुगडुगत असेल तर बिजागरीचा स्क्रू थोडा आवळून भागतं. वर-खाली डुगडुगत असेल तर दोष लॉकमध्येच आहे, तो घरी दुरुस्त होत नाही.

मुठीकडे लोक फार कमी बघतात. चारही बोटं मुठीवर पूर्ण बसली पाहिजेत. बहुतेक हातांना १० ते ११.५ सेंटीमीटर लांबीची मूठ लागते. पुढे, पात्याच्या मुळाशी, बोट अडवणारा उंचवटा हवाच. टोक कशाला तरी अडकलं की चाकू थांबतो, पण हात थांबत नाही. तो पुढे घसरतो आणि तुझीच बोटं धारेवर जातात. घाम किंवा रक्त लागलेल्या हातात गुळगुळीत पोलाद साबणासारखं निसटतं. जी-१०ची, म्हणजे काचतंतू आणि राळेच्या खरखरीत पत्र्याची, किंवा खरखरीत नायलॉनची मूठ घे. पातं ७ ते ९ सेंटीमीटर, जाडी सुमारे ३ मिलिमीटर पुरे. जास्त लांब पात्याने लॉकवर पडणारा ताण वाढतो, कायद्याची अडचण वाढते, आणि चाकू खिशात जड झाला की तो घरीच राहायला लागतो.

उघडण्याच्या पद्धती अनेक आहेत: अंगठ्याची घुंडी, पात्यातलं गोल भोक, मागून डोकावणारा, बोटाने दाबायचा कान म्हणजे फ्लिपर. गोल भोक ओल्या बोटांनी आणि हातमोज्यातूनही सापडतं. फ्लिपर उघडल्यावर खाली येऊन बोटांसाठी आडोसा बनतो, हा त्याचा खरा फायदा. पण त्यावर बोट नीट दाबलं गेलं नाही तर पातं अर्ध्यातच थांबतं. तुझ्या डाव्या हाताने, म्हणजे कमकुवत हाताने, दहापैकी दहा वेळा जो उघडेल तो घे. चाकू खिशाच्या कडेला अडकवायच्या क्लिपमुळे पात्याचं टोक खिशात वर राहत असेल, तर बंद पातं मुठीत घट्ट बसलेलं आहे ना ते उलटा धरून, झटका देऊन बघ. सैल असेल तर ते खिशातच थोडं उघडतं आणि पुढच्या वेळी हात थेट धारेवर जातो.

पोलादावर भांडणारे लोक तुला खूप भेटतील. १४सी२८एन किंवा व्हीजी-१० सारखं, ५८ ते ६० रॉकवेल कडकपणाचं कुठलंही ठीक बनवलेलं पोलाद चालेल. धार महिनोन् महिने टिकणं हा रोजच्या कापाकापीचा प्रश्न आहे, जीव वाचवण्याचा नाही. तिथे वाचलेले पैसे शिकवणीच्या फीला लाव. कवट्या कोरलेले, काळेकुट्ट, सुळ्यांसारखी धार असलेले चाकू घेऊ नकोस. प्रकरण न्यायालयात गेलं तर तोच चाकू तुझा हेतू म्हणून समोर ठेवला जाईल.

शक्य असेल तर त्याच आकाराचा, त्याच लॉकचा बोथट सरावाचा चाकू असलेलं मॉडेल निवड. स्पायडर्कोसारख्या कंपन्या काही मॉडेलांचे लाल मुठीचे बोथट चाकू बनवतात. जोडीदारासोबत सराव चालू असेल त्या खोलीत खरा चाकू नसलाच पाहिजे. दुसऱ्याच्या खिशातही नाही, पिशवीतही नाही. सुरुवातीला एकमेकांची झडती घ्यायला लाजू नका.

आता शिक्षक. काली, अर्निस किंवा एस्क्रिमा या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या फिलिपिनी कलांमध्ये शस्त्राचा विचार पहिल्या दिवसापासून असतो. ज्युदो आणि कुस्ती अंगाशी अंग भिडल्यावर पायांवर उभं राहायला शिकवतात, आणि चाकूच्या हल्ल्यात तेच आधी लागतं. पण नावापेक्षा वर्ग कसा चालतो ते बघ. जोडीदार एक वार करून हात तसाच हवेत ठेवतो आणि शिक्षक त्यावर चार सुंदर डाव करतो, असं दिसलं तर तिथे नाव घालू नकोस. खरा हल्लेखोर एका हाताने कपडा धरतो आणि दुसऱ्याने भराभर वार करून हात मागे खेचत राहतो. चांगल्या वर्गात जोडीदार विरोध करतो, सगळ्यांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे असतात, वार करणाऱ्याचा एक हात दोन्ही हातांनी धरून ठेवायला शिकवतात, आणि प्रत्येक सराव सुटून पळण्यावर संपतो. बोलून भांडण शमवणं आणि अंतर राखणं यांवर तिथे भरपूर वेळ जातो.

एक प्रयोग मात्र लवकर कर. दोघांनी जुने पांढरे शर्ट घाला, बोथट चाकूच्या धारेला ओला रंग लावा आणि वीस सेकंद जोर लावून झुंजा. नंतर शर्ट बघा. चाकू हातात असलेल्याच्याही अंगावर रंग असतो, बहुधा हातांवर आणि बाह्यांवर. चाकू असला की आपण सुरक्षित, ही समजूत हा शर्ट जितकी पटकन मोडतो तितकं कुठलंही व्याख्यान मोडत नाही.

आठवड्यातून दोनदा, निदान सहा महिने वर्गाला जा. तोवर खिशात चाकू नको. घरी रोज पाच मिनिटं बोथट चाकू काढायचा सराव पुरतो, तोही याच क्रमाने: मोकळा हात पुढे, डोक्याचं रक्षण करत. पाय तिरके मागे. मग दुसरा हात क्लिपकडे. चाकू खिशातून पूर्ण बाहेर, पकड पक्की, मगच पातं. लॉकचा आवाज ऐक. आधी सावकाश, चुका थांबल्यावर वेग. बहुतेक चुका दोनच: चाकूबरोबर शर्टही मुठीत येतो, किंवा पकड बसण्याआधीच पातं उघडायला गेल्याने चाकू खाली पडतो. हे जमलं की जाकीट घालून, खुर्चीत बसून, खांद्याला पिशवी अडकवून आणि शेवटी जोडीदार ढकलत असताना करून बघ. ढकलाढकलीत चाकू बहुतेक वेळा खिशातच राहतो. तो खिशात राहिलेला असताना तू काय करतोस, हे वर्गात घडवायचं असतं.

चाकूच्या आधी विकत घ्यायची गोष्ट सांगू? टूर्निकेट, म्हणजे हातापायावर आवळून रक्त थांबवायचा पट्टा, आणि सोबत जखमेत भरायची पट्टी. दोन्ही वापरायचा प्रत्यक्ष वर्ग कर. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, म्हणजे धडाकडच्या बाजूला, सांध्यावर न येईल असं टूर्निकेट बांधायचं आणि रक्त थांबेपर्यंत आवळायचं. ते फार दुखतं, आणि दुखतं म्हणून सैल करणं ही नेहमीची चूक. बांधल्याची वेळ लिहायची. काखेत किंवा जांघेत ते बसत नाही, तिथे जखमेत पट्टी ठासून भरायची आणि मदत येईपर्यंत दाबून धरायची. मानेवर कधीच बांधायचं नाही, हाताने थेट दाबायचं. हल्ल्यातून सुटलास की मान, काखा, पाठ, मांड्या यांवरून स्वतःचा हात फिरवून बघ. अंगाला लागलंय हे अनेकदा हात ओला झाल्यावरच कळतं.

सुरक्षित जागी पोहोचलास की तूच फोन करून मदत माग. पोलीस येतील तेव्हा हातात चाकू नसावा, हात उघडे आणि दिसतील असे असावेत. हल्ला झाला आणि डॉक्टर हवाय, एवढं सांग. सविस्तर जबाब वकील आल्यावर दे.

या आठवड्यात काही विकत घेऊ नकोस. दोन-तीन वर्ग नुसते बसून बघ. शिक्षकांना विचार, जोडीदार किती विरोध करतो, डोळ्यांना काय घालता, प्रथमोपचार शिकवता का. त्यांनी काय उत्तरं दिली ते मला लिही, मग त्यांतला कुठला वर्ग घ्यायचा ते ठरवू.

तुझा हितचिंतक