कतानाला +२ द्यायचे का?

प्रश्न: दादा, आम्ही चौघं रविवारी परळला एका मित्राच्या घरी जेवणाच्या टेबलावर जुन्या लढाया खेळतो, फासे, टेप आणि वहीत लिहिलेले घरचेच रूल्स. त्याने सामुराई आर्मी आणली आणि त्यांच्या तलवारीला, म्हणजे कतानाला, फाशावर +२, शौर्याला +१, वर त्याचे लोक कधी पळतच नाहीत. म्हणतो, कताना म्हणजे कताना. माझे मंगोल दोन महिन्यांत एकदाही जिंकले नाहीत. हे फेअर कसं करायचं?

उत्तर: तो +२ आधी खोड, तो चहा आणायला उठेल तेव्हा खोडलास तरी चालेल. तलवार चांगलीच होती रे, पण लढाईत ती कमरेलाच असायची, आधी धनुष्य, नंतरच्या काळात भाला, ते हातातून गेलं की मग ती. चौदाव्या शतकात योद्धे बक्षिसासाठी स्वतःच्या जखमांचे रिपोर्ट लिहून द्यायचे, ते आजही आहेत आणि त्यात बहुतेक जखमा बाणांच्या.

मग त्याला विचार, तुझी आर्मी कुठल्या सालची? कारण १२७४ ला जपानवर चालून आलेल्या मंगोलांसमोर उभा राहिलेला सामुराई म्हणजे मुख्यतः घोड्यावरचा तिरंदाज, घोडाही लहानसाच. ताकेझाकी सुएनागा नावाच्या अशाच एकाने आपला पराक्रम चित्रांच्या गुंडाळीत काढून घेतला, तर त्यात त्याचा घोडा रक्तबंबाळ झालाय आणि समोर मंगोलांचा बाँब फुटतोय. म्हणजे स्वतःच्या जाहिरातीतसुद्धा माणूस मार खातोय आणि तुझा मित्र वहीत लिहितो कधी पळत नाही!

आणि त्याची आर्मी १६०० च्या आसपासची असेल तर ती तुझ्या मंगोलांसमोर मांडूच नका, सव्वातीनशे वर्षांचा फरक आहे. त्या काळात निम्म्याहून जास्त बेस, म्हणजे सैनिक चिकटवलेल्या चकत्या, आशिगारूंचे हवेत, म्हणजे साधं पायदळ, लांब भाले आणि बंदुका. बंदुका १५४३ ला पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर आल्या. बारा बेस असतील तर खरे सामुराई दोन-तीन, तेही महाग पॉइंट्सचे. पण मिनिएचर विकत घेताना सगळ्यांना शिंगांचं शिरस्त्राणवालेच आवडतात, त्याला कोण काय करणार. हसू नकोस, आपलंही तेच आहे, मी मराठ्यांची लिस्ट केली तेव्हा सगळ्यांना गनिमी काव्याचा बोनस दिला होता, पानिपतच्या मोकळ्या मैदानातसुद्धा, आणि एका काकांनी मला सगळ्यांसमोर झापलं.

आता ते न पळण्याचं. सेकिगाहाराच्या लढाईत, १६०० साली, कोबायाकावा हिदेआकी टेकडीवर फौज घेऊन बसला होता आणि ऐन लढाईत खाली उतरून आपल्याच बाजूवर तुटून पडला. तिकडे त्याच बाजूच्या मोरींची फौज मागे नुसती उभी, कारण त्यांच्या पुढे उभ्या असलेल्या किक्कावाने आधीच शत्रूशी, म्हणजे तोकुगावांशी, आतून बोलणी केली होती. गोष्ट अशी सांगतात की पुढे या म्हणून निरोप आला तेव्हा मोरी हिदेमोतो म्हणाला, माझी माणसं डबा खातायत! त्यामुळे शौर्याचा +१ काढ आणि मित्रपक्षाच्या प्रत्येक तुकडीसाठी दर टर्नला फासा टाका, १ पडला की ती डबा खातेय, हलणार नाही. आणि एका तुकडीच्या खाली कागदाची चिठ्ठी उलटी ठेवा, ती फितूर आहे की नाही ते तिसऱ्या टर्नला उघडायचं. आमच्याकडे हे केल्यापासून सामुराईवाला स्वतःच्याच तुकड्यांकडे संशयाने बघत खेळतो.

प्रश्न: जपानमधल्या नागाशिनोच्या लढाईत ३००० बंदुका तीन रांगांत आळीपाळीने उडाल्या, त्याचा रूल कसा लिहू?

उत्तर: नको लिहूस. १५७५ च्या त्या लढाईचं हे वर्णन नंतरचं आहे, ती जिंकणाऱ्या नोबुनागाच्या चाकरीतल्याच माणसाच्या बखरीत मैदानावरच्या बंदुका हजाराच्या आसपास आहेत आणि तीन रांगांचं काही नाही. खरी करामत लाकडी कुंपणाची, चढाई करणारे ताकेदांचे लोक तिथे अडले आणि गोळ्या खात राहिले. तेव्हा बोनस बंदुकीला न देता कुंपणाला दे, चार्ज तिथे थांबतो आणि पुढच्या टर्नपर्यंत थांबूनच राहतो, बस. मात्र पाऊस पडला तर वात भिजते, बंदुका बंद. कुंपण करायला जळून उरलेल्या उदबत्तीच्या काड्या वापर, बांबूच असतो तो, आगपेटीच्या काड्या आपल्या पावसाळ्यात मऊ पडतात.