स्पॅनिशमध्ये सूट, व्हाउचर आणि पास यांसाठी नेमका कोणता शब्द वापरावा?

तुम्ही खरेदीच्या ॲपचं स्पॅनिश भाषांतर करताय, शब्दकोश एकेका गोष्टीला तीन-चार शब्द देतोय आणि कुठला कुठे बसतो ते कळत नाहीये, असा प्रश्न आहे. शब्दांना हात लावण्याआधी क्लायंटला विचारून घ्या, ॲप स्पेनसाठी आहे की मेक्सिकोसाठी. अर्ध्या अडचणी तिथेच सुटतात.

किमतीतून रक्कम वजा होते ते 'देस्कुएन्तो'. हा शब्द सगळ्या देशांत चालतो, बिनधास्त वापरा. 'रेबाखा' म्हणजेही किंमत कमी करणं. बाजारात घासाघीस करतानाही तो ऐकू येतो. पण स्पेनमध्ये अनेकवचनी 'रेबाखास' म्हटलं की लोकांना हंगामी सेल आठवतो: जानेवारीत, ६ तारखेचा तीन राजांचा सण (बाळ येशूला भेटायला आलेल्या राजांचा) उरकला की, आणि पुन्हा उन्हाळ्यात. २०१२ पासून दुकानदाराला वर्षात केव्हाही रेबाखास लावता येतात, तरी डोक्यातलं कॅलेंडर तेच आहे. तुमच्या दोन दिवसांच्या ऑफरला 'ओफेर्ता' किंवा 'प्रोमोसिओन' म्हणा.

'लिकिदासिओन' आणि 'साल्दोस' मात्र उगाच शोभेला वापरू नका. किरकोळ व्यापाराच्या १९९६ च्या स्पॅनिश कायद्यात दोन्हींना ठरलेला अर्थ आहे. लिकिदासिओन म्हणजे दुकान बंद करताना किंवा जागा बदलताना वगैरे माल काढून टाकणं, आणि साल्दोस म्हणजे जुनाट किंवा खराब झाल्यामुळे किंमत उतरलेला माल. शिवाय एकवचनी 'साल्दो' म्हणजे खात्यातली शिल्लक. तो शब्द तुम्हाला वॉलेटच्या स्क्रीनवर लागणारच आहे.

आता व्हाउचर. कपडे परत करायला गेलात आणि दुकान रोख द्यायला तयार नसेल, तर काउंटरवरची बाई म्हणते, 'ते आगो उन बाले', म्हणजे तुम्हाला तेवढ्या रकमेची चिठ्ठी करून देते. हा 'बाले' (स्पेलिंग व्ही ने, उच्चार ब). स्पेनमध्ये दर दुसऱ्या वाक्यात येणारा 'ठीक आहे' या अर्थाचा बालेही हाच, पण संदर्भामुळे गोंधळ होत नाही. भेट म्हणून द्यायचं कार्ड असेल तर 'तार्खेता रेगालो'. 'कुपोन' म्हणजे कापून किंवा कोड टाकून सूट मिळवायची ती चिठ्ठी. नुसतं 'एल कुपोन' म्हटलं तर मात्र स्पेनमधल्या माणसाला ओन्से या अंधांच्या संस्थेचं लॉटरीचं तिकीट आठवेल. म्हणून तिथे 'कुपोन दे देस्कुएन्तो' असं पूर्ण लिहा.

खरी गंमत 'बोनो' आणि 'आबोनो' या जोडीत आहे. बोनोत वापराची संख्या किंवा रक्कम ठरलेली असते. योगाच्या दहा वर्गांचे पैसे एकदम भरले की तो 'बोनो दे दिएस क्लासेस'. सरकार २०२२ पासून अठरा वर्षं पूर्ण करणाऱ्या तरुणांना पुस्तकं, नाटकं, मैफिली यांसाठी ४०० युरो देतं, तो 'बोनो कुल्तुराल खोबेन'. आबोनोत बहुतेकदा मुदत ठरलेली असते, त्या मुदतीत कितीही फिरा. आपला लोकलचा महिन्याचा पास म्हणजे आबोनो. माद्रिदमध्ये ३० दिवसांचा 'आबोनो त्रान्स्पोर्ते' असतो, फुटबॉल क्लबचा सीझनभराचा पासही आबोनोच. अपवादही आहेत. माद्रिदच्या प्रादो, थिस्सेन आणि रेइना सोफिया या तीन संग्रहालयांचं एकत्र तिकीट 'आबोनो पासेओ देल आर्ते' नावाने विकलं जातं, आणि त्यावर प्रत्येक ठिकाणी एकदाच जाता येतं. वीजबिलावरच्या सवलतीलाही सरकार 'बोनो सोसिआल' म्हणतं. अशी नावं रूढ झालेली आहेत, ती जशीच्या तशी घ्या. (आबोनोचा आणखी एक अर्थ शेतातलं खत.)

मेक्सिकोत हे सगळं फिरतं. तिथे 'आबोनो' ऐकलं की लोकांना हप्ता आठवतो, उधारीवर घेतलेल्या टीव्हीचा. पास विकायचा असेल तर 'पासे' लिहा. 'बोनो' म्हणजे बहुतेकदा पगारावर मिळणारा बोनस. 'बालेस दे देस्पेन्सा' ही कंपनीकडून मिळणारी किराण्याची कूपनं असतात आणि ती पगारदार माणसाच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. कुपोन तिथे निर्धास्त चालतो. 'सगळ्यांसाठी एकच स्पॅनिश' असा हट्ट असेल तर देस्कुएन्तो, कुपोन, तार्खेता रेगालो आणि पासे एवढ्यावर भागवावं. स्पेनमध्ये सिनेमाच्या खेळालाही पासे म्हणतात, पण खरेदीच्या ॲपमध्ये ते आड येणार नाही.

बटणांवरची क्रियापदंही तपासा. बाले 'कान्खेआर' करतात (वटवतात), कोड 'आप्लिकार' करतात (लागू करतात), प्रवासाचं कार्ड 'रेकार्गार' करतात (त्यात पुन्हा पैसे भरतात). सूट लिहिताना '२० % दे देस्कुएन्तो' असं स्पष्ट लिहा. आकडा आणि टक्क्याचं चिन्ह यांच्यामध्ये स्पॅनिशमध्ये जागा सोडायची असते. ती न तुटणारी ठेवा, नाहीतर मोबाइलच्या अरुंद स्क्रीनवर चिन्ह एकटंच खालच्या ओळीत जाईल.