गोळ्या सुटतील, पण घाई नको

टाइप २ मधुमेहाचं निदान नुकतंच झालंय ना? मग वेळ तुमच्या बाजूने आहे, कारण रेमिशनची, म्हणजे गोळ्यांशिवाय साखर आटोक्यात राहण्याची, शक्यता पहिल्या काही वर्षांतच जास्त असते. गोळ्या बंद करून किमान ३ महिने एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली राहिलं, तरच त्याला रेमिशन म्हणतात. गोळ्या चालू असताना आलेला चांगला रिपोर्ट त्यात धरत नाहीत (मीही आधी फसलो होतो!).

खरी चावी वजनात. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की इन्सुलिनचं काम सुधारतं. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत १५ किलो किंवा जास्त वजन घटवलेल्यांपैकी ८६ टक्के लोक वर्षभरात रेमिशनमध्ये गेले.

मात्र खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारी गोळी) चालू असेल तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोळ्यांची तपासणी रेमिशननंतरही दरवर्षी करा.