हिमालयनच्या आधी घाट

बाबांची स्प्लेंडर विकून रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५०चे हप्ते बांधायचे म्हणतोस. थोडा थांब. स्वप्न चांगलंच आहे, माझंही तेच होतं. पण ती गाडी १९६ किलोंची, तुझ्या स्प्लेंडरपेक्षा ८० किलोंहून जास्त जड. इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत, एक पाय खड्ड्यात असताना ती तोलायची म्हणजे काय, ते हातात घेतल्यावरच कळतं.

आधी स्प्लेंडरवरच महूमार्गे घाटमाथ्यावरच्या जाम गेटपर्यंत जाऊन ये. रविवारी पहाटे नीघ, ऊन चढायच्या आत परत. गेटच्या पुढे मंडलेश्वरकडे उतार लागतो, तिथे खरं शिक्षण. दुसऱ्या गिअरमध्ये उतर, इंजिनालाच गाडी धरू दे. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवलास तर तो तापतो आणि पकड सुटते. माझ्यासोबत एका वळणावर हेच झालं; समोरून ट्रक आला असता तर आज हे लिहीत नसतो. वळणाआधी वेग कमी कर, वळणात नाही.

निघायच्या आदल्या रात्री चेनकव्हरचं रबरी बूच काढ आणि बोटाने चेन वर-खाली करून बघ. साधारण अडीच सेंटिमीटर खेळ हवा. ताठ झाली असेल तर तशी नेऊ नकोस. टायरची हवा गाडी थंड असतानाच बघायची.

हेल्मेट मात्र आजच चांगलं घे, आयएसआयचं, डोक्याला घट्ट बसणारं. पुढे हिमालयन आली तरी तेच चालेल. एक पावसाळा असा काढ, मग शोरूमला मी येतो तुझ्याबरोबर.