वाचकांचे प्रश्न : सोडत, सैन्य आणि भिशी

प्रश्न : व्हिएतनाम युद्धाच्या काळातले अमेरिकी तरुण आपल्या आठवणी सांगताना सक्तीच्या सैन्यभरतीच्या लॉटरीतला नंबर हमखास सांगतात. ती सोडत कशी निघायची? नंबर लागला की थेट युद्धावर रवानगी का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : १ डिसेंबर १९६९ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये ३६६ निळ्या प्लॅस्टिकच्या गोळ्या काचेच्या खोल भांड्यात होत्या. प्रत्येकीत एक जन्मतारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर. १९४४ ते १९५० मध्ये त्या तारखेला जन्मलेल्या सगळ्यांचा नंबर १ झाला; पुढच्या तारखांना निघतील त्या क्रमाने नंबर, आणि लहान नंबरवाल्यांना आधी बोलावणं. त्या सोडतीतून शेवटी १९५ नंबरपर्यंतच्यांना बोलावलं गेलं. १९६ वाला सुटला. एका तारखेवर सगळं ठरलं, मग तो नंबर विसरणार कोण?

थेट रवानगी मात्र नव्हती. आधी '१-अ' म्हणजे भरतीयोग्य वर्गात नाव, मग वैद्यकीय तपासणी, मग हजर होण्याचा हुकूम. तपासणीत अपात्र ठरलेल्याला '४-फ' मिळे, कॉलेजात शिकणाऱ्याची भरती पुढे ढकलली जाई. भरती झालेला प्रत्येक जण व्हिएतनामला गेला असंही नाही.

सोडतीत एक गंभीर दोष राहिला. भांड्यात ओतण्याआधी गोळ्या महिन्यांच्या क्रमाने एका खोक्यात टाकल्या. जानेवारीच्या आधी, मग फेब्रुवारीच्या घालून दोन्ही मिसळल्या, आणि असंच पुढे. त्यामुळे जानेवारीच्या गोळ्या अकरा वेळा मिसळल्या, डिसेंबरच्या एकदाच. परिणाम आकड्यांत दिसतो : सरासरी नंबर १८३.५ यायला हवा; जानेवारीचा २०१ च्या आसपास आला, डिसेंबरचा १२१ च्या. म्हणजे डिसेंबरात जन्मलेली मुलं जास्त अडकली. कुणी लबाडी केली नव्हती, मिसळणं अपुरं पडलं. पण ज्यांना जावं लागलं त्यांच्यासाठी हा अन्यायच होता. १९७० च्या सोडतीत दोन पिंपं ठेवली, एकात तारखा आणि दुसऱ्यात नंबर, आणि दोन्हींतून जोडीने उचललं.

प्रश्न : आमच्या यंत्रमाग कामगारांच्या २० जणांच्या भिशीत शेवटी टाकलेल्या चिठ्ठ्याच आधी निघतात, अशी तक्रार आहे. उपाय?
– भिशीचालक, अशोक चौक परिसर

उत्तर : तक्रार खरी असू शकते, वर सांगितलेलाच दोष. दर महिन्याला चिठ्ठी काढण्याऐवजी सुरुवातीलाच एकदा सगळ्यांसमोर सोडत घ्या. एका डब्यात २० नावं, दुसऱ्यात १ ते २० महिने. पहिला हप्ता चालक घेत असेल तर १९ नावं आणि २ ते २० महिने. कागद एकाच वहीचा, तुकडे एकाच मापाचे, घड्या सारख्याच. जाड घडी बोटांना आधी लागते. टाकण्यापूर्वी चिठ्ठ्या मोजून दाखवा. डबा निम्म्याहून जास्त भरू देऊ नका, नाहीतर हलवलं तरी वरच्या वरच राहतात. झाकण लावून उलटासुलटा करा, आणि प्रत्येक उचलीआधी पुन्हा. निकाल लगेच वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.